झिसिसची फुकट मिळालेली गाडी

झिसिसच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत होती. तिकडे कुणी खोकलं तरी इकडे कळायचं. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं ऐकलेलं आहे, थोडं पाहिलेलं आहे, आणि सगळ्यात वाईट भाग आहे तो माझ्या हातून घडलेला आहे.

झिसिस गावाबाहेरच्या जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर होता. ऑक्टोबरात ग्रीसमधल्या आमच्या थेसालीच्या मैदानातला कापूस ट्रॉल्या भरभरून यायचा आणि फॅक्टरीच्या दारात भांडणांना ऊत यायचा. ओलावा किती धरला, कचरा किती धरला, रांग कुणी मोडली, सगळ्यावरून भांडणं. झिसिसच्या काट्यावरून मात्र पंचवीस वर्षांत कुणी तोंड उघडलं नाही. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. सायकलवरून जायचा, सायकलवरून यायचा. त्याच्यात एकच खोड होती. ‘मला जमत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून निघायचेच नाहीत. कुणी काही मागितलं की तो मान डोलवायचा, आणि मग कसं जमवायचं ते एकटाच बसून बघायचा.

त्याची बायको असिमिना समुद्राकडची. पेलिओन डोंगराच्या खालच्या टोकाला आयियस सोस्तिस नावाची चाळीस घरांची वस्ती आहे, तिथल्या कोळ्याची मुलगी. झिसिस व्होलोस बंदरात सैन्यात होता तेव्हा ती तिथे बापाच्या पाटीशी बसून मासे विकायची. लग्न करून ती आमच्या मैदानात आली, पडद्यांची शिलाई घेऊ लागली, माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. तिनं तक्रार कधी केली नाही. फक्त एकदा, जुलैमध्ये कपाशीला पाणी सोडलं होतं, संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर शेंगा सोलत होतो, मी म्हटलं, "काय छान वास सुटलाय गं मातीचा." ती म्हणाली, "मला ह्या वासानं गुदमरतं, लाम्ब्रिनी. इथं कुठंही बघितलं तरी नजरेला शेवटच नाही, आणि पाणी मात्र कुठं नाही." झिसिस मागे दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं.

तिची आई, म्हातारी मिलिया, तिकडे एकटी राहायची. घर सोडायला तयार नव्हती. तिच्याकडे जायचं तर सकाळी सहाची व्होलोसची बस, तिथे दोन तास ताटकळायचं, मग डोंगरातून वळणं घेत जाणारी दुसरी बस. पोचायला दुपारचा एक. त्याच दिवशी परत यायला काही नाही. म्हणून असिमिना वर्षातून दोनदा जायची, ईस्टरला आणि पंधरा ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला.

दोन हजार आठच्या वसंतात झिसिसचा चुलतभाऊ व्हाइओस स्टुटगार्टहून आला तो गाडी घेऊन. गडद निळी, दोन हजार सीसीची, आत कातडी सीटा. त्याला कंपनीकडून नवी मिळणार होती.

"घेऊन टाक," व्हाइओस म्हणाला. "तुझ्याकडून पैसे घेतले तर आईचं दूध लाजेल."

"मी काय करू एवढ्या गाडीचं?"

"वहिनीला घेऊन समुद्रावर जा. आणि काय करायचं असतं गाडीचं?"

झिसिसनं मान डोलवली.

शुक्रवारी चौकातल्या टेबलावर चार मित्र त्सिपुरोची दारू प्यायला बसायचे. तिथे त्याची जी काही टर उडवली! "उठा रे, उठा, मालक आले. काट्यावर आता गाडीसकट उभा राहणार का?" "झिसी, सायकल मला दे, तुला आता पाय कशाला लागतात?" तो लाजून हसत होता. त्या दिवशी सगळ्यांचं बिल त्यानंच दिलं.

ती फुकटची गाडी आपल्या नावावर करायला गेला तेव्हा त्याला कळलं की जर्मनीतली गाडी ग्रीसमध्ये आणून ठेवायची तर जकातीत आणि नोंदणीत एवढे पैसे भरावे लागतात की तेवढ्यात आमच्याकडे एक बऱ्यापैकी जुनी गाडी आली असती. बापाकडून आलेला नदीकाठचा अक्रोडांच्या जमिनीचा तुकडा त्यानं विकला. असिमिनाला म्हणाला, "तिकडे कोण जातं आता, झाडं म्हातारी झालीत."

पण ते पहिले रविवार मी पाहिलेत. दर पंधरा दिवसांनी सकाळी सातला ती दोघं निघायची. असिमिना डोक्याला रुमाल बांधून पुढच्या सीटवर, मांडीवर पालेभाजी भरून भाजलेल्या पाईचा डबा. रात्री परत यायची ती वेगळीच बाई होऊन. तिच्या अंगाला मिठाचा वास यायचा. माझ्यासाठी ती तळलेले गावरो, बोटाएवढे मासे, आणायची, कागदात गुंडाळून, गार झालेले, आणि म्हणायची, "उभ्या उभ्या खा, ते तसेच खायचे असतात."

एकदा मीही गेले होते. म्हातारी मिलिया काळे कपडे घालून दारात तयार उभी होती. तिला गाडीतून टेकडीवरच्या चर्चला जायचं होतं. पायी जाणं दहा वर्षांपूर्वीच सुटलं होतं. झिसिसनं तिला उचलल्यासारखं करून सीटवर बसवलं.

"हळू चालव हं, जावईबापू," ती म्हणाली. "लवकर पोचले तर कुणी बघणारच नाही."

सगळ्या वस्तीतून तिनं गाडी दोनदा फिरवायला लावली. वर गेल्यावर मेणबत्ती लावली, आणि उतरताना झिसिसच्या गालाला हात लावून म्हणाली, "माझी पोरगी तू परत आणून दिलीस." झिसिस तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलेला झिसिस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

असिमिनाला वाटायचं, गाडीला लागतं ते पेट्रोल. बाकीचं तिला माहीतच नव्हतं, कारण कागद सगळे फॅक्टरीतल्या त्याच्या कपाटात. पहिल्या वर्षी चार टायर एकदम बदलावे लागले. दुसऱ्या वर्षी गॅरेजवाल्या कोस्मासनं सांगितलं की टायमिंग बेल्ट आता टाकलाच पाहिजे, तुटला तर इंजिन गेलं, आणि एवढ्या मोठ्या इंजिनाचा बेल्ट काही स्वस्तात येत नाही. मग इन्शुरन्स, तोही इंजिनाच्या मापानं. दर डिसेंबरला रोड टॅक्स, सहाशेच्या वर युरो. तपासणी. बॅटरी. मागचा दिवा, कुणीतरी बाजारात ठोकला, तो जर्मनीहून मागवावा लागला. पेट्रोल तर त्या दोन वर्षांत असं चढलं की टाकी भरायला कुणी जात नव्हतं, वीस युरोचं घालायचे सगळे.

दर खर्चाला झिसिस स्वतःतलं काहीतरी कमी करत गेला. आधी शुक्रवारचं टेबल सुटलं. मित्रांना म्हणाला, पोट बरं नसतं. मग दात. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा डॉक्टरनं काढल्या होत्या, कृत्रिम दात बसवायचे होते. ते राहिलेच. तो एका बाजूनं चावायला लागला, मग ब्रेड भिजवून खायला लागला. असिमिना ओरडायची, "जा ना रे त्या डॉक्टरकडे, म्हाताऱ्यासारखा काय चघळतोस?" आणि तो म्हणायचा, "सुईची भीती वाटते." भिंतीपलीकडून मी हे ऐकायचे आणि हसायचे. मलाही खरंच वाटायचं.

माझी नोकरी करकचेरीत. खिडकीवर. गल्लीतले लोक संध्याकाळी कागद घेऊन माझ्याकडे यायचे, वाचून दे म्हणायचे. दोन हजार अकरामध्ये फॅक्टरीनं सगळ्यांना आठवड्यातले तीनच दिवस काम ठेवलं. पुढच्या उन्हाळ्यात झिसिस एक नोटीस घेऊन आला. असिमिना पडदे टांगायला कुणाकडे गेली आहे, अशी वेळ बघून आला.

"लाम्ब्रिनी, इथं लिहिलंय की मी एवढे कमावले. मी कुठं एवढे कमावले?"

मी वाचलं. "तू कमावले नाहीस. पण तुझ्याकडे दोन हजार सीसीची गाडी आहे. अशी गाडी सांभाळणाऱ्याची कमाई निदान एवढी तरी असणारच, असं ते धरतात. कर त्या आकड्यावर."

"पण ती मला फुकट मिळालीय."

"फुकटचा रकाना नाही फॉर्मात."

त्यानं नोटिशीची घडी घातली आणि म्हणाला, "आणि स्टेरियानी?"

स्टेरियानी त्यांची एकुलती मुलगी, पात्रासला नर्सिंग शिकत होती. कमी उत्पन्नवाल्यांच्या मुलांना कॉलेजात दोन वेळचं जेवण फुकट मिळायचं. कागदावर बाप श्रीमंत झाला तसं तिचं जेवणाचं कार्ड बंद झालं. ती एका कॅफेत ट्रे उचलायला लागली. बापाला फोनवर म्हणाली, "बाबा, विकून टाक ना ती गाडी. तिच्यापायी मी रोज रात्री बारापर्यंत उभी असते." हे तिनंच मला नंतर सांगितलं. बाप म्हणाला होता, "समुद्राकडे बघताना तुझ्या आईचा चेहरा बघितलायस का तू?"

आणि विकायची म्हटली तरी घेणार कोण? त्या वर्षी दोन हजार सीसी म्हणजे गळ्यातला धोंडा. चौकात अशा पाचसहा गाड्या काचेवर कागद चिकटवून उभ्या होत्या, कबुतरं वर बसायची.

दोन हजार बाराचा डिसेंबर. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या खिडकीसमोर जिन्यापर्यंत रांग असायची. पुढच्या वर्षाचा रोड टॅक्स भरायला जमत नसेल तर गाडीच्या नंबरच्या पाट्या काढून आमच्याकडे जमा करायच्या. गाडी मग रस्त्यावर आणायची नाही, आणि टॅक्स लागत नाही. लोक पाट्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे, भाजीच्या पिशवीतून आणायचे. कुणी शिव्या घालत, कुणी खाली मान घालून. आम्ही पावती द्यायचो आणि दोरीनं गठ्ठे बांधून मागच्या कपाटात टाकायचो.

अठ्ठावीस तारखेला सकाळी मान वर केली तर समोर झिसिस. हातात फॅक्टरीची कापडी पिशवी. पाट्या त्यानं घासून पुसून आणल्या होत्या, चिखलाचा ठिपका नव्हता.

मी हळूच विचारलं, "असिमिनाला माहितेय?"

"गाडी कोस्मासच्या गॅरेजमागे लावलीय. गिअरबॉक्स गेलाय, पार्ट जर्मनीहून यायचाय, असं सांगितलंय." मग खिडकीच्या फटीतून जवळ येऊन म्हणाला, "फॅक्टरीकडे तीन महिन्यांचे पगार अडकलेत. जानेवारीत देणार म्हणतात. मिळाले की सोडवतो. एक महिन्याचा प्रश्न आहे, लाम्ब्रिनी. तिला बोलू नकोस."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो ताई, गप्पा घरी मारा!" मी सही केली, शिक्का मारला, पावती दिली. आणि बोलणार नाही म्हणून मान हलवली.

तेव्हा मला त्यात काही मोठं वाटलं नाही. नवरा बायकोपासून खर्च लपवतो, त्यात नवल काय? आमच्या गावात त्या वर्षी प्रत्येक घरात कुणी ना कुणी काहीतरी लपवत होतं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी आयियस सोस्तिसहून शेजारणीचा फोन आला. मिलियाला दोन दिवस ताप आहे, खात नाही, छातीत घरघर आहे. डॉक्टर येऊन गेला, गोळ्या दिल्यात. घाबरण्यासारखं नाही म्हणाला, पण म्हातारी तुझं नाव घेतेय.

असिमिना लगेच म्हणाली, "उद्या सकाळच्या बसनं जाते."

भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"बसनं जाऊन काय करशील?" झिसिस म्हणाला. "वर बर्फ पडलाय, दुसरी बस जाते की नाही देव जाणे. आणि तू एकटी तिला कशी आणणार? आईला इथं आणायला हवं, आपल्या इस्पितळात दाखवायला हवं. शनिवारी गाडी मिळतेय. मागच्या सीटवर झोपवून आणू."

"नक्की शनिवारी?"

"कोस्मास म्हणालाय. पार्ट पोचलाय व्होलोसला."

पगार शुक्रवारी होणार म्हणून फॅक्टरीत सूचना लागली होती. एवढं एक खरं होतं. त्या एका खऱ्यावर त्यानं बाकी सगळं रचलं. तो लबाड नव्हता. पैसे हातात आले की दुपारी टॅक्स भरायचा, पाट्या घ्यायच्या, इन्शुरन्स चालू करायचा, शनिवारी पहाटे निघायचं, असा त्याचा बेत होता, आणि त्या बेतावर त्याचा विश्वास होता.

असिमिनानं आईला फोन लावला. म्हातारीला ऐकू कमी यायचं, म्हणून ती मोठ्यानं बोलत होती. "आई, शनिवारी येतो आम्ही! गाडी घेऊन! तुला इकडे आणायचंय! हो, गाडीतून!" मग थोडं थांबून ती हसली. फोन ठेवून झिसिसला म्हणाली, "काळे कपडे धुवून ठेवते म्हणाली, गाडीत बसायचंय म्हणून."

बुधवारी ती माझ्याकडे कॉफीला आली. "सारखं वाटतंय गं, बसनं निघून जावं," ती म्हणाली. "पण तो म्हणतो तेही खरं आहे. शनिवार काय, तोंडावर आलाय. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं! मी मान खाली घालून कॉफी ढवळत होते, आणि आमच्याकडच्या कॉफीत साखर उकळतानाच घालतात, ढवळायचं काही नसतं. माझ्या भावाकडे छोटी गाडी होती. मी एक शब्द टाकला असता तर त्यानं त्याच दिवशी नेलं असतं. पण तो शब्द टाकायचा म्हणजे ती विचारणार, का, आमची गाडी शनिवारी येतेय की. मी झिसिसला वचन दिलं होतं. दोन दिवसांचा प्रश्न आहे, मी मनाशी म्हटलं. आणि तिला म्हणाले, "डॉक्टर म्हणालाय ना घाबरण्यासारखं नाही? मग शनिवारीच जा, सोयीचं पडेल."

हे मी बोलले. ह्याच तोंडानं.

शुक्रवारी पगार झाला नाही. फॅक्टरीच्या दारावर नवीन कागद लागला, पुढच्या महिन्यात बघू म्हणून. साडेबाराला झिसिस माझ्या खिडकीशी आला. रांग नव्हती. त्याच्या अंगावर फॅक्टरीचा कोट तसाच होता.

"दोन दिवस दे," तो म्हणाला.

"काय?"

"पाट्या. उद्या आणि परवा. सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी आणून देतो. कुणाला कळणार नाही."

"झिसी, कपाटाला कुलूप आहे. नोंद आहे. माझी नोकरी जाईल."

"मी कधी तुला काही मागितलंय?"

खरंच कधी मागितलं नव्हतं. उभ्या जन्मात कुणालाच त्यानं काही मागितलं नसेल. आणि मी म्हणाले, "नाही रे जमत." ते म्हणणं मला किती सोपं गेलं! मग मी म्हणाले, भावाला विचारते, उद्या पहाटे तो नेईल तुम्हाला. झिसिसनं ऐकलंही नाही बहुतेक. तो काउंटरच्या कडेला दोन्ही हात ठेवून उभा होता, काट्यावर उभा राहायचा तसा, ताठ. मग वळून गेला.

घरी पोचला तेव्हा असिमिना दारात उभी होती. अंगात कोट, पायाशी पिशवी. त्याला वाटलं, उद्याची तयारी.

"बाराला फोन आला," ती म्हणाली. "सकाळी गेली आई."

तो ओट्यावर चढून आला.

"कोस्मासकडून आण गाडी. झाली असेल तेवढी झाली. आत्ता निघू."

तो जागचा हलला नाही.

"झिसी, गाडी आण."

मग त्यानं सांगितलं. ओट्यावर, उभ्यानंच. गिअरबॉक्स गेलेला नाही. पार्ट वगैरे काही नाही. पाट्या जमा केल्यात. पगार झाला नाही. पाच वर्षांचं सगळं त्यानं दहा वाक्यांत सांगून टाकलं, अक्रोडाचा तुकडा, दात, मुलीचं जेवण, सगळं. गल्लीतल्या दोन बायका आपापल्या दारात येऊन उभ्या होत्या, पण त्याला कुणी दिसत नव्हतं.

असिमिनानं ओरडा केला नाही. ती फक्त म्हणाली, "अरे, बस होती ना. बुधवारपासून रोज सकाळी सहाला बस होती."

"मला वाटलं..."

"मला गाडी नको होती, झिसी. मी कधी मागितली होती तुझ्याकडे गाडी? तू एवढंच म्हणायचं होतंस, गाडी नाही, बसनं जा. एवढंच."

एवढ्यात माझा भाऊ गाडी घेऊन आला, झिसिस गेल्यावर मला राहवलं नाही आणि मी कचेरीतून फोन करून त्याला आत्ताच जा म्हटलं होतं. मीही धावत पोचले. भावानं दार उघडून धरलं. असिमिना गाडीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला कुणाच्या गाडीत बसायचं नाही." पिशवी उचलून ती स्टँडकडे चालायला लागली. झिसिस मागे दहा पावलांवर. दोनच्या बसमध्ये ती पुढे बसली, तो मागे. व्होलोसच्या स्टँडवर दोन तास ती एका बाकावर बसली होती आणि तो समोरच्या भिंतीशी उभा होता. हे मला तिकिटं फाडणाऱ्यानं सांगितलं. ती पोचली तेव्हा अंधार पडला होता आणि बायकांनी मिलियाला न्हाऊ घालून, धुतलेले काळे कपडे घालून ठेवलं होतं.

शेजारीण म्हणाली, शेवटच्या दिवशी म्हातारी विचारत होती, आज कोणता वार. गुरुवार म्हटलं की म्हणायची, बरं, उद्या शुक्रवार.

चाळीसाव्या दिवशी चर्चमध्ये उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटला, आणि त्यानंतर असिमिना परत आली नाही. भांडून नाही, वेगळं होऊनही नाही. आईच्या घरात राहते म्हणाली, कुणीतरी राहायला पाहिजे. शिलाईचं मशीन तेवढं मागवून घेतलं. झिसिस दर शनिवारी बसनं जायचा. ती त्याच्यासाठी मऊ काहीतरी शिजवायची, त्याला चावता येईल असं. दोघं अंगणात बसायची. रविवारी तो परत. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही, त्यालाही बोलू दिलं नाही.

गाडी शेवटी भंगारात गेली. तिचं नाव नोंदीतून काढायलाही पैसे लागले, आणि मागच्या वर्षी ती त्याच्या नावावर होती म्हणून पुढच्या उन्हाळ्यात कराचा कागद आलाच. तो वाचून दाखवायला झिसिसनं माझ्याकडे आणला नाही. कचेरीत दुसऱ्या खिडकीवर गेला.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, मी आयियस सोस्तिसला गेले. आतल्या आत कुजत होते. असिमिना जाळं दुरुस्त करत होती, बापाचा धंदा तिनं पुन्हा थोडा धरला होता. उन्हानं काळी झाली होती, आणि खोटं कशाला बोलू, पूर्वीपेक्षा तिची तब्येत बरी दिसत होती. मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. अठ्ठावीस डिसेंबर, पाट्या, माझी सही, बुधवारची कॉफी.

तिचे हात थांबले नाहीत.

"माहितेय मला," ती म्हणाली. "झिसिसनं आईच्या दिवसांतच सांगितलं होतं, खिडकीत कोण होतं ते."

"मग तू मला कधी काही बोलली नाहीस?"

"तू येतेस का ते बघत होते." तिनं गाठ मारून दोरा दातानं तोडला. "त्याचं मी समजू शकते, लाम्ब्रिनी. त्याला नाही म्हणता येत नाही, त्याला लाज वाटली, मूर्ख आहे तो. पण मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून तुला विचारलं होतं. तुला काय वाटतं, असं विचारलं होतं."

मला रडू फुटलं. तिनं उठून पाणी आणून दिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो लगेच काढून घेतला.

"बस चारला आहे," ती म्हणाली. "त्यानंतर नाही."

मी बसमध्ये चढले. खिडकीतून बघितलं तर ती जाळं उन्हात पसरत होती, पाठमोरी. झिसिस अजून शनिवारी जातो. स्टँडवर भेटला की मला नमस्कार करतो, तब्येत विचारतो. असिमिना कशी आहे असं मी त्याला विचारत नाही.